राखणदाराचा नारळ

"पातळ झालंय," कृष्णाबाई म्हणाल्या.

हेमालीने वाटीतलं कालवण पुन्हा चाखलं. "मीठ कमी आहे का?"

"मीठ बरोबर. हात घाबरा हाय तुझा."

नियम : प्रोबेशन सहा महिने.

किहीमच्या त्या होमस्टेत नियम स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेले. आज सहा महिने पूर्ण होत होते. हेमालीचं लक्ष सकाळपासून कशात नव्हतं.

"बसू का जरा?"

"बस की. तुझंच घर हाय."

फोन वाजला. कृष्णाबाईंचा मुलगा, स्वप्निल, म्हसळ्याहून. रोजचाच प्रश्न : कधी येतेस राहायला? रोजचंच उत्तर : "हिचं एकदा बघते, मग."

हेमालीने मान खाली घातली.

नियम : या काळात कोणत्याही पक्षाला कारण न देता काम थांबवता येईल.

"मी सून म्हणून आले," कृष्णाबाई खिडकीतून वाडीकडे बघत म्हणाल्या, "तर सासूने वर्षभर विहिरीवर नारळ ठेवू दिला न्हाय. विहिरीवरच्या दगडातला राखणदार वाडी सांभाळतो; दर अमावस्येला त्याचा नारळ तीच ठेवायची. मी पोफळीआडून बघायची. ओल्या चिऱ्यांचा वास यायचा. एका अमावस्येला ती गपचूप बाजूला सरकली. झालं. मी घरची."

"काहीच म्हणाल्या नाहीत?"

"म्हणायचं काय त्यात?"

नियम : कामाच्या वेळी जुन्या गोष्टी सांगत बसू नये.

"तो नियम खुळाच आहे," हेमाली ओशाळून म्हणाली.

आजही अमावस्या. गुडघा धरल्यामुळे कृष्णाबाईंना उशीर झाला. त्या काठी टेकत विहिरीवर पोचल्या तेव्हा

कठड्यावर नारळ होता. ताजा. शेंडी राखणदाराच्या दगडाकडे. हेमालीला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा सासू बाजूला सरकून जिथे उभी राहिली होती, तिथेच त्या जाऊन उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरात हेमाली वाट बघत होती. तिने खणातून नावाची पितळी पट्टी काढली. 'कृष्णाबाई, मुख्य स्वयंपाकी.'

"तुमच्याकडून वाडी विकत घेतली तेव्हाच करून ठेवली होती, मावशी. आजपासून तुम्ही कायम."

कृष्णाबाईंनी कमरेची वाडीच्या फाटकाची जुनी चावी सोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"मी न्हाय गो. कायम तू झालीस. स्वप्निलला फोन लाव, आईला न्यायला ये म्हणावं."