आबांचं वजन

"आबा, पोट आत घ्या जरा. पट्टा बसंना," मंजुषा म्हणाली.

तिचे वडील सर्जेराव आबा मोटर ग्लायडरच्या पुढच्या सीटवर नवरदेवागत ताठ बसले होते. अंगात स्वेटर. हर्सूलच्या माळावर, भर वैशाखात स्वेटर! वर गार वारं लागतं म्हणे.

ऊन अजून कोवळं होतं. तलावाकडून वारा आला की ते पांढरं, लांब पंखांचं यंत्र जागच्या जागी डुलायचं, झोपेत हसणाऱ्या लेकरासारखं. आई, चंपाबाई, एका पंखाचं टोक धरून उभी होती. "वढतंय गं मला," ती म्हणाली. "सोडलं तर आपलं आपणच जाईल बघ."

मंजुषानं ते कैक वर्षं खपून केलं होतं. आधी कागदावर, मग पत्र्याच्या शेडमध्ये. वर चढायला इवलंसं इंजिन, वर गेलं की ते बंद करायचं आणि घारीगत नुसतं तरंगायचं. इंजिन मागं, चालवणारी मागच्या सीटवर, पुढं आबा. पुढं वजन कमी पडलं तर बैलगाडीची होते तीच गत. गाडी उलाळ होणार, शेपूट खाली, नाक वर. रस्त्यावर निदान धूळ झटकून उठता येतं, आभाळात काय करणार? म्हणून तिनं अख्खं विमान आबांच्या वजनावर बेतलं होतं. दर पाडव्याला आबा काट्यावर उभे राहायचे आणि दर पाडव्याला काटा तिथल्या तिथं. त्यांचे गाल बसले, सदरे सैल झाले, साखरेच्या गोळ्या वाढल्या, काटा काही हलला नाही. आता आबा म्हणजे धान्याच्या मोंढ्यातले जुने मापाडी. ज्यानं हयातभर कुणाला काटा मारला नाही, त्याच्या वजनावर संशय घ्यायचा कुणी?

महिनाभर ती पुढं आबांच्या वजनाचं वाळूचं पोतं बांधून एकटी उडाली. सगळं सुरळीत झालं, परवानगी आली. आज पोतं उतरलं आणि आबा चढले.

पण पट्टा बसेना. मंजुषानं स्वेटर वर सारला, तर हाताला लोखंड लागलं.

कमरेला पिशवी बांधलेली होती. आत मोंढ्यातली किलोकिलोची मापं. पिशवी आईच्या जुन्या लुगड्याची, बारीक टाक्यांनी शिवलेली. मंजुषानं पंखाकडं बघितलं. चंपाबाई एकदम तलाव बघायला लागली.

"आबा, हे कधीपासून?"

"लई दिस झाले." आबा समोरच बघत होते. "तू म्हणली असतीस, आधी दवाखाना, मग विमान."

"म्हणलेच असते! आणि वर ही पिशवी सुटली असती म्हणजे? दोघंबी गेलो असतो की!"

"ते नाय सुचलं," आबा हळू आवाजात म्हणाले. "मंजे, जिंदगीभर दुसऱ्याचा माल तोलला. आपलं कमी व्हायला लागलं तवा भ्या वाटलं गं. तुझं विमान तयार व्हायच्या आत मी संपतो का काय."

मंजुषाला रडू फुटलं. आबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. एवढी वर्षं ती काट्याकडं बघत आली होती, आबांकडं नीट बघितलंच नव्हतं.

तिनं पिशवी सोडून खाली ठेवली. तसं विमानाचं नाक अलगद वर झालं. आबा पाठीवर रेलले, तोंड आभाळाकडं झालं. समोर नुसतं निळं. किती तरी वेळ ते बघत राहिले.

"लई झालं एवढं," ते म्हणाले. "उतरतो मी."

"उतरा. पण काट्यावर."

पोतं तोलायला आणलेला काटा तिथंच होता. ह्या खेपेला त्यावर आबा नुसत्या सदऱ्यावर उभे राहिले. आकडा बघून चंपाबाईनं पदर तोंडाला लावला. मंजुषानं आकडा दोनदा वाचला, डोळे पुसले, आणि मनातल्या मनात वजाबाकी केली.

"उद्या दवाखाना. नाय म्हणायचं नाय."

"उद्या जाऊ की. आन् आज?"

"आज बसा परत."

हलकं माणूस बसलं तर सीटखाली वजन कसायला तिनं जागा ठेवलेली होती. ती आबांसाठी लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आबा चढले, पट्टा ह्या वेळी बरोबर बसला. मंजुषा पाना घेऊन गुडघ्यावर बसली. मोंढ्यात पहिलं माप टाकताना मापाडी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तिनं पिशवीतलं पहिलं माप सीटखाली बसवलं, बोल्ट आवळला. नाक बोटभर खाली आलं, आणि वरून आबांची खणखणीत हाळी आली,

"लाभ!"