फुंकर

सत्याग्रही बायकांना तुरुंगाकडे घेऊन निघालेली पोलिसांची गाडी लालबागच्या नाक्यावर आचके देत बंद पडली. हवालदाराने समोरच्या गॅरेजातून दत्तारामला दंडाला धरून आणलं. गाडीच्या गजांआड त्याला कौसल्या दिसली. त्याची बायको सकाळी भावाकडे जाते म्हणून घराबाहेर पडली होती.

त्याने पेट्रोलचा फिल्टर खोलला, जाळीत अडकलेला गाळ धुतला आणि फुंकर मारली. जाळी लख्ख झाली. तरीही तो पुसतच राहिला, फुंकतच राहिला.

"झालं का रे?" हवालदार खेकसला. "पाच मिनिटांत गाडी सुरू झाली नाही, तर देतो या बायांना इथंच सोडून. उन्हात किती वेळ उभा राहू?"

दत्तारामने जाळी पुन्हा तोंडापाशी धरली. "फार कचरा आहे, साहेब."

तेवढ्यात गजांआडून कौसल्याचा दबका, पण करारी आवाज आला.

"अहो, बारा वर्षं संसार केलाय तुमच्याशी. तुमची खोटी फुंकर मला कळत नाही होय? बसवा ती जाळी. बोचक्यात दोन लुगडी बांधून आणलीत मी, ती काय परत न्यायला?"