दरवाजा पूर्ण बंद

"अजून बारा फेरे," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "मग दरवाजा पूर्ण बंद."

धरणावरच्या खोलीत आप्पांनी दरवाजाच्या चाकावरचे ओले हात विजारीला पुसले. एकोणीस वर्षं ते या मातीच्या धरणावर चौकीदार होते, पण दरवाजा पूर्ण बंद करायची वेळ कधी आली नव्हती. धरण तसं लहानच. एरवी कोरडं. ओढा उघड्या दरवाजातून निवांत खाली गावाकडे जायचा. पूर आला की दरवाजा लावायचा, पाणी धरणामागे वरच्या खोऱ्यात अडवायचं आणि गाव वाचवायचं, एवढंच त्याचं काम. पूर काही येत नव्हता, त्यामुळे गावकरी त्याला 'आप्पांचं टेकाड' म्हणून हसायचे. आज सकाळपासून कुणी हसलं नव्हतं.

"वरच्या खोऱ्यातली पाच घरं?" बाईंनी फाइल उघडली. त्यांची इथे बदली होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. कागद बघितल्याशिवाय त्या पाऊल टाकत नसत.

"रिकामी झाल्याचं लिहिलंय ना त्यात."

"लिहिलंय. खाली सही तुमचीच आहे." त्यांनी फाइल मिटली. "तेवढं एक काम बरं केलंत. वर माणूस असतं तर मला दरवाजाला हातही लावता आला नसता."

आप्पांचा फोन वाजला. ते भिंतीकडे तोंड करून बोलू लागले.

"हां, बाळा. कुठवर आलं?... ओट्याला? सासूबाईंना माळ्यावर घे आधी. अगं, कपाटाचं राहू दे! कपाट काय चाटायचंय?"

बाईंच्या लक्षात आलं. ऑफिसातला शिपाई म्हणाला होता, आप्पांची माणसं बाजारामागे, ओढ्याला लागून राहतात. पुराचं पहिलं पाणी तिथंच शिरतं.

"मुलगी का?"

"हो. जावई कामासाठी बाहेरगावी. घरात ती आणि सासू. सासूला चालता येत नाही." फोन अजून हातातच होता. "मॅडम, पुलापाशी आपली नाव आहे ना, ती जर—"

"आप्पा, नाव एकच आहे. आणि गावात सगळ्यांनाच मुली आहेत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला जमायचं नाही."

"तसं नाही, मॅडम. ती—"

तेवढ्यात बाईंचा फोन आला. दवाखान्यातून डॉक्टर बोलत होते, म्हणजे ओरडतच होते. आप्पांना शब्द न् शब्द ऐकू आला. तळमजल्यात पाणी शिरलं होतं. बाळंतिणींचा वॉर्ड तिथंच. नऊ बाळं, त्यातली दोन काचेच्या पेटीत ठेवलेली. जिना अरुंद. आणखी हातभर पाणी चढलं तर वीज बंद करावी लागणार होती. अर्धा तास द्या, काहीही करा, पण अर्धा तास द्या.

बाईंनी फोन ठेवला. "तुम्ही काय म्हणत होतात?"

आप्पा चाकाकडे बघत होते.

"काही नाही," ते म्हणाले आणि चाकाला हात घातला.

चार फेरे बिनबोभाट झाले. पाचव्याला चाक अडलं. आप्पा थांबले. जरा जास्तच वेळ थांबले.

"लावा जोर," बाईंनी दुसऱ्या बाजूने चाक धरलं. "ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तुमच्याच लेकीसाठी चाललंय हे."

आप्पांना आतून भीती वाटत होती आणि ती चेहऱ्यावर लपत नव्हती. त्यांनी जोर लावला. चाक सुटलं. बाराव्या फेऱ्याला दरवाजा खाली टेकला तेव्हा खोलीची फरशी हादरली.

बाई छत्री घेऊन धरणाच्या पायथ्याशी जाऊन आल्या. गढूळ पाणी पाझरायला लागलं तर मातीचं धरण गेलंच म्हणायचं. "पाझर स्वच्छ आहे," त्या परत येऊन म्हणाल्या. "टिकेल ना?"

"टिकेल. माती चांगली आहे."

पुन्हा आप्पांचा फोन. "घरात? चूल बुडाली?... हां. हां. ऐक, रडू नको. कौलं सरकवता येतात का बघ. सासूबाईंना आधी वर दे."

"अहो, किती घाबरवता पोरीला!" बाई म्हणाल्या. "खाली गेलेलं पाणी वाहून जायला वेळ लागतोच. दरवाजा लागलाय, आता उतरेल. सांगा तिला तसं."

आप्पांनी तसं काही सांगितलं नाही. ते स्टुलावर बसले, उठले, परत बसले. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नुसतंच "दवाखान्यातून काही कळलं का?" असं विचारलं. बाईंना त्यांचं कौतुक वाटलं. स्वतःची मुलगी पाण्यात असताना माणूस परक्यांची चौकशी करतो, हे रोज बघायला मिळत नाही.

पंचवीस मिनिटांनी पुलावरच्या माणसाचा फोन आला. पाणी दोन वितींनी उतरलं होतं. पाठोपाठ डॉक्टरांचा आला. या वेळी ते ओरडत नव्हते.

बाईंनी हुश्श केलं आणि फाइलीनेच वारा घेतला. मग त्यांना आपल्याच बोलण्याची लाज वाटली.

"आप्पा, मघाशी तोडून बोलले. मनावर घेऊ नका. नाव मोकळी झालीये, पहिली तुमच्या मुलीकडेच पाठवते." त्यांनी नावाड्याचा नंबर लावलासुद्धा. "गल्ली कुठली? बाजारामागचीच ना?"

"बाळं सगळी वर नेली?" आप्पांनी विचारलं.

"नऊच्या नऊ."

"मग आता सांगतो," आप्पा म्हणाले. "ती गावात नाही, मॅडम. वरच्या खोऱ्यात आहे. जावयाने घर सोडलंच नव्हतं, सही मी खोटी केली."