मंजुरीचा हात

डॉक्टरांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणका उचलला आणि दोन हाडांच्या मधे बोट ठेवलं. "ही मधली गादी सरकलीय आणि नस दाबतेय. म्हणून मान दुखते, हाताला मुंग्या येतात. गोळ्या झाल्या, व्यायाम झाला. आता ऑपरेशनचा विचार करायला हरकत नाही."

"करा की मग," सुंदरराव म्हणाले. "हात वर झाला पायजे, बास."

शेजारी मुक्ताबाई उजवा हात चोळत बसल्या होत्या. हात त्यांचा होता, पण तो वर कधी करायचा हे नवरा ठरवत आला होता. गावच्या दूध संस्थेत मुक्ताबाई महिलांच्या राखीव जागेवर संचालक होत्या. सभा सुरू झाली की सुंदरराव बाहेर खिडकीशी उभे राहून खाकरत, आणि आत मुक्ताबाईंचा हात वर जाई. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं.

मागच्या सभेत घोटाळा झाला. दुष्काळानं दूध आटलंय, तेव्हा डोंगरावरच्या सिदूच्या वस्तीवर दूध गोळा करायला गाडी पाठवणं बंद करावं, असा ठराव आला. सुंदरराव खाकरून खाकरून बेजार झाले. हात काही वर आला नाही आणि एका मतानं ठराव पडला. मान धरलीय, हात उचलत नाही, असं मुक्ताबाईंनी घरी सांगितलं. आता तोच ठराव पुन्हा यायचा होता, म्हणून सुंदरराव बायकोला घेऊन घाईघाईनं बीडला आले होते.

"एक म्हणजे पुढून जाऊन गादी काढायची आणि दोन्ही हाडं पट्टी-स्क्रूनं जोडून टाकायची," डॉक्टर समजावू लागले. "जुनं, खात्रीचं ऑपरेशन. मान थोडी कमी वळेल. नाहीतर गादीच्या जागी फिरती चकती बसवायची. मान बरीचशी पहिल्यासारखी वळते. सगळ्यांना ती चालत नाही, पण बाईंची हाडं चांगली आहेत. मागच्या बाजूनंही नसेची वाट मोकळी करता येते, पण यांची गादी मधोमध सरकलीय, तिथं मागून नीट पोचता येणार नाही. बाई, जरा दोन्ही हात वर करा बरं."

उजवा हात खांद्यापाशीच अडला. डावा सरळ पंख्याच्या दिशेनं वर गेला.

सुंदरराव त्या हाताकडं बघतच राहिले.

"ह्यो जातोय की वर! मग त्या दिशी ह्यो कावून न्हाई केला?"

"शुभ काम डाव्या हातानं करत्यात व्हय?"

"ठरावात कसलं आलंय शुभ?"

"तेच म्हन्ते मी," मुक्ताबाई म्हणाल्या. "वस्तीवरच्या बायांचं दूध बंद करायचं. त्यात शुभ काय व्हतं?"

डॉक्टरांनी हसू लपवायला मणका पुन्हा हातात घेतला. सुंदररावांना राग आला होता, पण रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. इतकी वर्षं संसार करून बायको हातचलाखी करते हे त्यांना माहीतच नव्हतं.

"डॉक्टर, पट्टीच टाका," ते म्हणाले. "एकदाचं पक्कं होऊन जाऊ द्या."

मुक्ताबाईंनी नको म्हणून मान हलवली आणि कळ सरळ बोटांपर्यंत गेली. "आई गं!"

"बाई, मान हलवू नका," डॉक्टर म्हणाले. "काय असेल ते तोंडानं सांगा."

मुक्ताबाईंनी कळ ओसरू दिली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मला ती फिरती चकती बसवा. धार काढताना मागं वळून वासराकडं बघावं लागतंय."

आवाज चांगला मोठा निघाला. दारातल्या नर्सनंही वळून बघितलं. मुक्ताबाईंना स्वतःलाच तो आवडला.

परतताना मांजरसुंब्याला चहासाठी उतरले, तरी सुंदररावांचं बिनसलेलंच होतं.

"मिटिंगमधी बी आसंच बोलनार का आता?"

"मग? डॉक्टरांनीच सांगितलंय की," डाव्या हातातला कप फुंकत मुक्ताबाई म्हणाल्या. "मान हलवायची न्हाई. तोंडानं सांगायचं."

सुंदररावांना एकदम खाकरावंसं वाटलं. चहाचा मोठा घोट घेऊन त्यांनी ते गिळून टाकलं.