बाहेरून बघणारा

आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांची तब्येत जमिनीवरून रडारने तपासायची, ही त्याची नोकरी. आज सकाळपासून मात्र तो एका उपग्रहाच्या मालकांशी फोनवर डोकं फोडत होता. रडारच्या चित्रात त्या उपग्रहाचं एक सोलर पॅनेल अर्धवट दुमडलेलं स्वच्छ दिसत होतं. ते तसंच राहिलं, तर बॅटरी संपून उपग्रह कायमचा गप्प होणार होता. मालक निवांत.

"अहो, पॅनेल उघडलंय असं तो स्वतः कळवतोय. तुम्ही उगाच कशाला शंका काढता?"

"साहेब, तो तेच कळवणार. त्याच्या सांगण्यावर जाऊ नका. बाहेरून बघणाऱ्याचं ऐका की जरा."

"बघू, पुढच्या आठवड्यात."

चरफडत त्याने फोन ठेवला, तोच धाकट्या बहिणीचा आला.

"दादा, एकदा येऊन बाबांना बघून जा रे. हल्ली भिंतीला धरून चालतात. किती वेळा सांगायचं तुला?"

 

"तू पण ना, उगाच शंका काढतेस," तो वैतागून म्हणाला. "कालच बोललो मी त्यांच्याशी. ठणठणीत आहे, असं ते स्वतः म्हणाले."