ठकीची आई

"मी खाली जाऊन खरं काय ते सांगणार आहे," मुलगी म्हणाली. "आई तुमच्या वॉर्डाची होती, माझी नव्हती. मग कुणाला काय वाटायचं ते वाटो."

मोठ्या सिस्टरने खुर्ची ओढली आणि हाताने टेबल धरून ती हळूच टेकली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बालविभागाचा जिना चढला की गुडघे अजून बोलायचे. खाली सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. तिच्या जन्माच्या मैत्रिणीची आज शोकसभा. दोघींनी याच वॉर्डात केस पांढरे केले होते. आधी डॉक्टर बोलणार, मग बरी होऊन मोठी झालेली पोरं बोलणार, आणि शेवटी तिची ही मुलगी.

"बोल की. तुला कोण अडवणार?" मोठी सिस्टर म्हणाली. "पण आधी चहा घे, आणि मला सांग. एवढ्या पायऱ्या चढून आलेय, थोडं ऐकू तरी दे."

नव्या सिस्टरने दोघींपुढे कप ठेवले आणि ती कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत बसली.

ऐकणं हे या वॉर्डाचं अर्धं काम. मूल दाखल झालं की आधी त्याच्या आईला बोलतं करायचं. घरी काय म्हणून हाक मारतात, कशाला भितं, बाहुलीचं नाव काय. आई घरी गेली आणि पोराने भोकाड पसरलं, की तेच त्याच्या कानाशी हळूच बोलायचं. बाईला आपल्या घरचं सगळं माहीत आहे म्हटल्यावर पोर हुंदके देत का होईना, गप्प व्हायचं. ही युक्ती मैत्रिणीचीच. तिच्या हातात कुठलंच पोर फार वेळ रडलं नाही.

दोघी एकदमच नोकरीला लागल्या होत्या. तेव्हाच्या मेट्रनबाई म्हणजे जमदग्नी. घरी लहान मूल असलेल्या बाईला त्या बालविभागात उभी करत नसत. घरचं शिंकलं की ही रजा मागणार, म्हणायच्या. पुढे मेट्रनबाई गेल्या, त्यांच्या मागोमाग तो नियमही गेला. कामाचा रगाडा तेवढा राहिला.

"काय सांगू?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त होता. "मला तिची पाठ आठवते. दारातून बाहेर पडणारी. पहिला दात पडला तो आजीला दाखवला. पाल दिसली की किंचाळायची मी, तेव्हा शेजारचे काका झाडू घेऊन धावायचे. झोपेत पाढे म्हणायचे, तेही आजीनेच ऐकले. आई आली की 'ठकी, ठकी' करत जवळ घ्यायची आणि मी दोन वाक्यं बोलेपर्यंत घोरायला लागायची."

"ठकी," मोठी सिस्टर म्हणाली.

"इथे मला एकदाही आणलं नाही. तुम्हालासुद्धा मी मयताच्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं. आणि रस्त्यात कुणी सिस्टर दिसली ना, की माझा हात सोडायची. चार पावलं पुढे चालायची, जशी काही मी दुसऱ्याच कुणाची!"

मोठ्या सिस्टरने कप खाली ठेवला. डोळे मिटून घेतले. नव्या सिस्टरने पुढची चादर झटकली.

"अगं वेडे," ती म्हणाली, "आम्ही दिवसभर गोवर आणि डांग्या खोकल्यात लोळणाऱ्या बायका. आमच्यापैकी कुणी कौतुकाने तुझा गाल ओढला असता म्हणजे? तुझ्या आसपास आम्हाला फिरकू द्यायची नाही ती. आम्ही चिडवायचो तिला, ठकी काय काचेची आहे का म्हणून."

मुलीने मान वर केली. "ठकी म्हणायची? इथे?"

"इथे दुसरं काय होतं बोलायला? एकदा डबा उघडला आणि तशीच बसून राहिली. म्हटलं, बाई, काय झालं? तर म्हणे, ठकीचा दात पडला आणि मी तिथे नव्हते. घास काही उतरला नाही तिला. आणि तुझे पाढे! ते तर साऱ्या वॉर्डाला ठाऊक. पोरांना सांगायची, माझी ठकी झोपेतही अभ्यास करते, आणि तुम्ही जागेपणी औषध घेत नाही? सुई टोचताना म्हणायची, ठकी पालीला भिते, पण सुईला नाही."

"मी सुईलाही भ्यायचे."

"मग थापा मारायची तुझी आई. पोरांना फसवायला."

मुलीला हसू फुटलं आणि ते अर्ध्यातच मोडलं. पदराने तोंड झाकून ती बराच वेळ रडली. मोठ्या सिस्टरने तिला रडू दिलं, फक्त पाठीवरून हात फिरवत राहिली.

खालून बोलावणं आलं. मुलीने बेसिनवर तोंड धुतलं, केस सारखे केले.

"घरी का नाही हो बोलली कधी?"

"दमलेली असायची गं. आम्ही सगळ्याच."

मुलगी वाकून पाया पडली. "बोलते मी," म्हणाली. "नीट बोलते." आणि जिना उतरून गेली. तिची पावलं आली तेव्हापेक्षा हलकी वाजत होती.

नवी सिस्टर कप उचलायला आली. तिचेही डोळे लाल झाले होते. "किती जीव हो त्यांचा लेकीवर! इतकी वर्षं सगळं तुमच्यापाशी बोलायच्या."

मोठी सिस्टर टेबलाला धरून उठली. गुडघा सरळ व्हायला जरा वेळ लागला.

"बोलायची कसली," ती म्हणाली. "तिला मुलगी आहे, हेच मला तिच्या मयताला गेल्यावर कळलं."