तिझिरी खजुरीवर चढली

सहारातल्या त्या मरूद्यानात खजुरी फुलल्या आणि नेमका बुजमाचा पाय मोडला. नर झाडाचा फुलोरा हातानं मादी झाडाला लावला नाही, तर खजूर धरणारच नव्हते. त्याची बायको तिझिरी फुलोरा ओढणीत बांधून झाडावर चढू लागली.

"बाईमाणसानं झाडावर चढायचं नसतं," शेजारचे लखदरकाका ओरडले. "खाली ये!"

"काम झालं की येते, काका."

ती शेंड्यापर्यंत पोचली आणि तिनं फुलोरा लावला. वाळूच्या टेकड्यांमध्ये वसलेलं आपलं हिरवं गाव तिनं पहिल्यांदाच अख्खं पाहिलं.

त्या वर्षी तिच्या झाडांना घडच्या घड लगडले. पुढच्या मोसमात लखदरकाका दाराशी आले. "आता माझ्यानं होत नाही. आमच्या झाडांवर चढशील?"

"चढेन. पण तुमच्या लेकीला सोबत पाठवा. तिलाही शिकवते."